ट्रॉली हातात असली की आई चालते, मग रस्त्यावर का नाही?

पत्राचा सारांश : शेहेचाळीस वर्षांच्या एका वाचक भगिनीने लिहिले आहे. त्यांच्या आईचे वय ७८ आणि मावशीचे ७२. आईला गुडघ्यांचा आणि कमरेचा त्रास आहे. मावशी चालायला चपळ आहे, पण तिला कमी ऐकू येते आणि गेल्या वर्षी एकदा पडल्यापासून ती गर्दीला बिचकते. सहा महिन्यांपूर्वी या भगिनींनी दोघींना शहरात खरेदीसाठी नेले. सगळे एकाच छपराखाली मिळेल म्हणून मोठा मॉल निवडला, सात दुकानांची यादी केली, आणि तिसऱ्या दुकानानंतर आई जिन्याच्या पायरीवर बसली ती उठेचना. परतताना गाडीत कोणी कोणाशी बोलले नाही. त्याच दिवशी मॉलमधल्या सुपरमार्केटात मात्र आई ट्रॉली ढकलत अर्धा तास आरामात फिरली होती. त्यावरून भाऊ म्हणतो की तिला चालता येते, मनात नसले की पाय दुखतात. यापुढे सगळे ऑनलाइन मागवावे. आई म्हणते, "मला काही नको, तुम्हीच आणा." काठीला तिने नकार दिला आहे आणि व्हीलचेअरचा विषय निघताच ती उठून आत गेली. पत्रलेखिकेला तरीही पुन्हा एक दिवस आखायचा आहे. त्या विचारतात : दुकाने किती ठेवावीत, मॉल बरा की बाजारपेठ, व्हीलचेअरसाठी आईचे मन कसे वळवावे, आईला हव्या असलेल्या चपला केव्हा घ्याव्यात, आणि भावाचे म्हणणे खरे असेल का?

तुमच्या शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे बरेचसे त्यावरच अवलंबून आहे. भावाने जे पाहिले ते बरोबर पाहिले, पण त्याचा अर्थ उलटा लावला. ट्रॉलीच्या दांड्यावर हात टेकून चालणारा माणूस नकळत कमरेतून थोडा पुढे वाकलेला असतो. वयानुसार काही जणांच्या पाठीच्या कण्यातली, मज्जातंतू जिथून जातात ती पोकळी अरुंद होत जाते; डॉक्टर त्याला लंबर स्पायनल स्टेनोसिस म्हणतात. ताठ उभे राहिले किंवा चालले की ही पोकळी आणखी आवळली जाते, पाय जड पडतात, मुंग्या येतात, मांड्या-पोटऱ्या दुखू लागतात. पुढे वाकले किंवा बसले की तीच जागा किंचित मोकळी होते आणि थोड्या वेळात बरे वाटते. हा अनुभव इतका सार्वत्रिक आहे की वैद्यकीय भाषेत त्याला 'शॉपिंग कार्ट साइन' असे नावच पडले आहे, आणि असा त्रास सांगणाऱ्या रुग्णाला "ट्रॉली ढकलताना बरे वाटते का?" असे मुद्दाम विचारले जाते.

तुमच्या आईला हेच झाले आहे, असे मी म्हणत नाही. पत्रावरून निदान करणे मला शोभणार नाही. दुखऱ्या गुडघ्यांवरचा भार ट्रॉलीने हलका होतो, हेही कारण असू शकते. पायांच्या रक्तवाहिन्या अरुंद झाल्या असतील तरी चालताना पोटऱ्या दुखतात, पण ते दुखणे नुसते थांबून उभे राहिले तरी ओसरते, तर कण्याच्या दुखण्यात बहुधा बसावे किंवा वाकावे लागते. म्हणून पुढचे काही दिवस एवढेच पाहा : आई किती वेळ चालल्यावर थांबते, थांबल्यावर तिला उभे राहून बरे वाटते की बसूनच, आणि दुखणे नेमके कुठे असते. ही तीन उत्तरे कागदावर लिहून डॉक्टरांना दाखवा. भावालाही तोच कागद दाखवा. "मनात नसले की पाय दुखतात" हे वाक्य आईच्या कानावर गेले असेल, तर त्या दिवशी गाडीत पसरलेल्या शांततेचे निम्मे कारण तेच असावे, असा माझा तर्क आहे.

आता त्या पायरीकडे वळू. आई तिथे का बसली? रुसून बसली असेल, असे तुमच्या पत्रातल्या एका ओळीवरून तुम्हालाही वाटलेले दिसते. मला वाटते, तिथे बसण्यासारखी तेवढी एकच जागा होती. खाली बसणे एक वेळ जमते, पण इतक्या बुटक्या जागेवरून दुखऱ्या गुडघ्यांनी, चार लोकांच्या देखत, उठणे जमत नाही, आणि ते आपल्याला जमणार नाही हे बसल्यावर लक्षात आले की माणूस गप्प होतो. पंचेचाळीस ते पन्नास सेंटिमीटर उंचीची, हात टेकून उठता येईल अशी साधी खुर्ची जवळ असती, तर ती पाच मिनिटांनी कदाचित स्वतःहून चौथ्या दुकानात गेली असती.

म्हणूनच "दुकाने किती ठेवावीत" या प्रश्नाची जागा मी बदलणार आहे. आधी बसण्याच्या जागा मोजा, मग त्यांच्या अधेमधे दुकाने बसवा. घरी किंवा घराजवळ आई आधाराशिवाय सहज किती मिनिटे चालते, ते पाहा आणि शहरातल्या दिवसासाठी त्याच्या निम्मेच धरा. कारण तिथे गर्दीत वाट काढावी लागते, काउंटरपाशी उभे राहावे लागते, आणि पुष्कळ जणांना चालण्यापेक्षा एका जागी उभे राहणेच अधिक जड जाते. ती दहा मिनिटे चालत असेल, तर दर पाच मिनिटांच्या अंतरावर हमखास बसता येईल अशी जागा हवी. असा हिशेब केला की दिवसात बहुधा दोन दुकाने बसतात, क्वचित तीन. सात दुकानांची यादी तरुण माणसाच्याही तोंडाला फेस आणते, हे जाता जाता सांगून ठेवते.

मॉल की बाजारपेठ, याचे उत्तरही इथेच मिळते. एक छप्पर म्हणजे कमी अंतर, असे आपण गृहीत धरतो. प्रत्यक्षात पार्किंगपासून लिफ्टपर्यंत, लिफ्टपासून दुकानापर्यंत आणि एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत केलेली चाल एकत्र केली, तर मोठ्या मॉलमधला फेरा बरेचदा बाजारातल्या फेऱ्यापेक्षा लांबच निघतो. मॉलच्या बाजूने सपाट जमीन, लिफ्ट, स्वच्छतागृह आणि ऊन-पावसापासून आसरा आहे. बाजारपेठेच्या बाजूने दुकानाच्या दारात उतरण्याची सोय, ओळखीचा दुकानदार आणि "बसा ना" म्हणून पुढे सरकवलेले स्टूल आहे. मॉलच निवडलात, तर एकाच मजल्यावरची, लिफ्टजवळची दोन दुकाने धरा आणि बाकीचा मॉल नाहीच असे समजा. बाजारपेठ निवडलीत, तर गाडी किंवा टॅक्सी नेमकी कुठे थांबू देतात ते आधी पाहा, कारण शेवटचे दोनशे मीटरच सगळ्या बेताचा निकाल लावतात.

हे आधी पाहणे मला फार महत्त्वाचे वाटते. एखाद्या दिवशी एकट्या जा आणि आईच्या चालीने चाला, म्हणजे खरोखरच सावकाश चाला. दिसेल त्या बाकावर आणि खुर्चीवर बसून हात न टेकता उठून पाहा; मऊ, खोल सोफे दिसायला छान असतात आणि म्हाताऱ्या गुडघ्यांचे वैरी असतात. जिन्याला कठडा दोन्ही बाजूंना आहे का, दुकानाच्या दाराशी उंबरठा आहे का, ट्रायल रूममध्ये बसायला काही आहे का, फरशी ओली असताना घसरते का, या गोष्टी कोणत्याही संकेतस्थळावर लिहिलेल्या नसतात. स्वच्छतागृहात आत जाऊन पाहा : कमोडची उंची किती आहे, बाजूला धरायला दांडा आहे का, दार बाहेर उघडते की आत, आणि आत दोन माणसे मावतात का.

जाणे शक्य नसेल तर फोन करा, पण "ज्येष्ठांसाठी सोय आहे का?" असे विचारू नका. या प्रश्नाला जगात कुठेही "हो, आहे ना" असेच उत्तर मिळते. हे मी ठेच खाऊन शिकले. सासूबाईंना घेऊन एका मोठ्या दुकानात गेलो होतो. आदल्या दिवशी फोनवर मी "लिफ्ट आहे ना?" असे विचारले होते आणि पलीकडून अगदी आदराने "आहे" असे उत्तर मिळाले होते. लिफ्ट होतीच, फक्त ती सहा पायऱ्या चढून गेल्यावर सुरू होत होती. सासूबाई त्या पायऱ्यांकडे पाहत म्हणाल्या, "खोटं नाही बोलला तो." तेव्हापासून मी आकडे विचारते. रस्त्यापासून दारापर्यंत किती पायऱ्या आहेत? लिफ्ट कोणत्या मजल्यापासून सुरू होते आणि आज चालू आहे का? स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे? बसून माल पाहता येईल का आणि त्यासाठी कोणत्या वेळी यावे?

पायऱ्यांच्या जागी उतरंड, म्हणजे रॅम्प, आहे असे सांगितले, तर तिचाही हिशेब करता येतो. उताराचे सर्वमान्य प्रमाण एकास बारा असे आहे, म्हणजे पंधरा सेंटिमीटरच्या एका पायरीसाठी निदान एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लांबीची उतरंड लागते. दोन पायऱ्यांवर टाकलेली हातभर फळी ही उतरंड नव्हे, घसरगुंडी आहे. तिच्यावरून व्हीलचेअर चढवण्याचा प्रयत्नही करू नका.

आता थोडा नाजूक विषय. "मला काही नको" हे आईचे वाक्य तुम्ही इच्छा नसल्याचा पुरावा मानले आहे. मला त्यात दुसरीच शंका येते, आणि ती मी अनेक घरांत खरी ठरलेली पाहिली आहे : वयस्कर बायका बाहेर जायचे टाळतात ते पुष्कळदा स्वच्छतागृहाच्या धास्तीने. ही गोष्ट मुलीजवळही बोलली जात नाही. मुलाजवळ तर नाहीच. मग त्या सकाळपासून पाणी पीत नाहीत. वय वाढले की तहानेची जाणीव मुळातच मंदावते, त्यात मुद्दाम पाणी तोडले की दुपारपर्यंत चक्कर येते, आणि चक्कर आली की "बघा, म्हणून म्हणत होते नको" असे म्हणायला त्या मोकळ्या होतात. रक्तदाबासाठी किंवा पायांवरच्या सुजेसाठी लघवी अधिक होण्याची गोळी चालू असेल, तर बाहेर जायच्या दिवशी ती गुपचूप गाळली जाते. गोळी स्वतःच्या मनाने गाळू नये. तिची वेळ त्या दिवसापुरती मागे-पुढे करता येईल का, हे डॉक्टरांना विचारावे. ते प्रश्न ऐकून हसणार नाहीत.

आईला सरळ विचारायचे कसे? विचारू नका, सांगा. "मी परवा जाऊन आले, त्या दुकानाच्या शेजारीच स्वच्छतागृह आहे, चांगले आहे, कमोड उंच आहे आणि धरायला दांडा आहे," एवढे सहज बोलता बोलता सांगा आणि विषय सोडून द्या. दर तासा-दीड तासाने "मी जाऊन येते, येतेस का?" असे तुम्हीच म्हणत राहा, म्हणजे तिला मागावे लागणार नाही. जादा कपड्यांचा एक जोड तुमच्या पिशवीत असू द्या. त्याचा उल्लेख करण्याची गरज नाही.

वेळेबद्दल फार लिहीत नाही. सुट्टीचा दिवस टाळावा, दुकाने उघडल्यावरचा पहिला-दुसरा तास धरावा, म्हणजे कचेरीला जाणाऱ्यांची गर्दी ओसरलेली असते आणि विक्रेत्यांना बोलायला सवड असते. सकाळी आईचे सांधे आखडत असतील, तर ते मोकळे होईपर्यंत घर सोडू नका. पोटभर जेवल्यानंतरच्या तास-दोन तासांत काही वृद्धांचा रक्तदाब बराच उतरतो, म्हणून त्या दिवशी थोडे थोडे खावे आणि खाल्ल्यावर लगेच उभे राहून पुढच्या दुकानाकडे धावू नये. बसलेल्या जागेवरून उठतानाही आधी पाय हलवून, मग उठून, क्षणभर खुर्चीला धरूनच थांबावे.

डोळ्यांचाही विचार करा, कारण पडण्याच्या भीतीचे मूळ बरेचदा तिथे असते. साठीतल्या माणसाच्या डोळ्याच्या पडद्यापर्यंत पोहोचणारा प्रकाश विशीतल्या माणसाच्या तुलनेत साधारण एक-तृतीयांश असतो, आणि उन्हातून मंद दिव्यांच्या दुकानात शिरल्यावर नजर सरावायलाही जास्त वेळ लागतो. तेव्हा दारातून आत गेल्यावर बाजूला होऊन मिनिटभर नुसते उभे राहा. आईचा किंवा मावशीचा चष्मा दुहेरी भिंगाचा असेल, तर जिना उतरताना खालच्या, वाचनाच्या भिंगातून पायऱ्या धूसर दिसतात. मान थोडी खाली घालून वरच्या भिंगातून पाहायला सांगा आणि कठडा सोडू देऊ नका. सरकता जिना दोघींसाठीही वर्ज्य समजा. लिफ्टची वाट पाहण्यात गेलेली पाच मिनिटे वाया जात नाहीत.

रस्ता ओलांडताना हिरवा दिवा आधीपासून चालू असेल, तर पाऊल टाकूच नका. तो लाल होऊ द्या आणि नव्याने हिरवा झाल्याबरोबर निघा. पादचाऱ्यांच्या दिव्यांची वेळ ठरवताना अनेक देशांत सेकंदाला १.२ मीटर ही चाल गृहीत धरली जाते. बारा मीटरचा रस्ता त्या चालीने दहा सेकंदांत संपतो, सेकंदाला ०.८ मीटर चालणाऱ्या बाईला मात्र पंधरा सेकंद लागतात. त्या मधल्या पाच सेकंदांत हॉर्न वाजू लागतात आणि आपण आईचा दंड धरून तिला ओढतो. ओढू नका. तुमचा हात तिला धरू द्या, म्हणजे तोल तिच्या ताब्यात राहतो.

व्हीलचेअरकडे येते. आईचे मन वळवायचे कसे, असे तुम्ही विचारता. त्यात व्हीलचेअर हवीच, हे तुम्ही ठरवून टाकले आहे. अर्धा तास ट्रॉलीबरोबर चालणाऱ्या बाईला दिवसभर खुर्चीत बसवण्याचे काय कारण? तिला आधार मान्य आहे, हे तिने त्या दिवशी स्वतःच दाखवले. तिला मान्य नाही ते आधाराचे नाव आणि त्याच्याकडे पाहणाऱ्यांच्या नजरा.

याबाबतीत ती एकटी नाही, आणि गंमत अशी की खुद्द ट्रॉलीलाही हे भोगावे लागले आहे. १९३७ साली अमेरिकेतल्या ओक्लाहोमा सिटीत सिल्व्हन गोल्डमन या दुकानदाराने आपल्या दुकानांत चाकांची ढकलगाडी आणली, तेव्हा ग्राहकांनी तिला हात लावला नाही. टोपली उचलण्याइतकी ताकद आपल्यात नाही असे लोकांना वाटेल, अशी पुरुषांना लाज. आणि बाळाची गाडी ढकलून झाली, आता पुन्हा हे कशाला, असा बायकांचा सूर. शेवटी गोल्डमन यांनी वेगवेगळ्या वयांची माणसे पगार देऊन दुकानात नुसती गाड्या ढकलत फिरायला ठेवली, आणि ती पाहून बाकीच्यांची भीड चेपली. आईला हा किस्सा सांगा, पण उपदेश म्हणून नको. भावासमोर, हसत हसत सांगा.

त्यानंतर तिला बैठक असलेला चार चाकांचा वॉकर दाखवा. तो ढकलताना ट्रॉलीसारखाच आधार मिळतो, पुढे टोपली किंवा पिशवी असते, आणि दमल्यावर त्याच्याच बैठकीवर बसता येते. बाकांचा निम्मा प्रश्न तिथेच मिटतो. दोन गोष्टी मात्र पक्क्या ध्यानात ठेवा. बसण्यापूर्वी दोन्ही ब्रेक लावलेले हवेत, आणि बसलेल्या माणसाला त्यावरून ढकलत न्यायचे नाही, कारण तो त्यासाठी बनवलेला नसतो. घ्यायचाच झाला, तर धरायच्या दांड्यांची उंची फिजिओथेरपिस्टकडून बसवून घ्या आणि शहरात नेण्यापूर्वी आठवडाभर घराच्या आसपास सराव होऊ द्या. उद्या तिने काठी पसंत केली, तर चप्पल घालून, हात सैल सोडून उभे राहिल्यावर मनगटाच्या घडीपाशी येईल एवढी तिची उंची असावी, खालचे रबर झिजलेले नसावे, आणि काठी दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात धरावी. हे शेवटचे बहुतेक लोक नेमके उलटे करतात.

व्हीलचेअर पूर्णपणे बाद करा, असेही नाही. लांब अंतर खुर्चीतून आणि दुकानाच्या आत पायी, अशी वाटणी अनेकांना मानवते; काही मोठ्या मॉलमध्ये ती मागितल्यावर मिळते, मात्र आदल्या दिवशी फोन करून खात्री करून घ्यावी. खुर्चीत बसताना आणि उठताना ब्रेक लावा, पाय ठेवायच्या पट्ट्यांवर तिला उभे राहू देऊ नका, तीव्र उतारावर खुर्ची उलटी धरून सावकाश मागे मागे उतरा. आणि खरेदीच्या पिशव्या मागच्या दांड्यांना लटकवू नका; आई उठताक्षणी पुढचे वजन जाते आणि खुर्ची मागे कलंडते. खुर्चीतल्या माणसाला सोडून ढकलणाऱ्याशीच बोलण्याची विक्रेत्यांना वाईट खोड असते. "यांना कोणता रंग हवाय?" असे तुम्हाला विचारले गेले, तर उत्तर देऊ नका, नुसते आईकडे पाहा. विक्रेत्याची नजर आपोआप तिकडे वळते.

मावशीची गोष्ट वेगळी आहे, आणि मागच्या वेळी ती कोणाच्या लक्षातच आली नसावी. दोघींना एकाच वेगाने नेणे म्हणजे एकीची दमछाक आणि दुसरीची कुचंबणा. एका दिवसासाठी दोन सोबती हवेत : आईबरोबर एक, मावशीबरोबर एक. भावाला इतके स्पष्ट मत आहे, तर त्याला यायला सांगा. आई बसलेली असताना मावशीने तिला हवे ते दुकान पाहून यावे, पुन्हा ठरलेल्या बाकापाशी भेटावे. चुकामूक झाली तर फोनवर बोलणे मावशीला गोंगाटात जमणार नाही, म्हणून "हलायचे नाही, आम्हीच तिथे येऊ" असे आधी ठरवा आणि त्या जागेचा फोटो तिच्या फोनमध्ये ठेवा. श्रवणयंत्र असेल, तर ते आसपासचा गोंगाटही मोठा करते. जिथे संगीत मोठ्याने चालू असते, त्या दुकानात ती चिडचिडी झाली तर नवल नाही. तिच्याशी बोलताना समोर या, चेहरा उजेडात ठेवा, ओरडू नका. नाव, औषधे आणि तुमचा क्रमांक लिहिलेली चिठ्ठी दोघींच्याही पर्समध्ये हवी.

पडण्याची तिची भीती निराधार म्हणून झटकू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अहवालानुसार ६५ वर्षांवरील सुमारे २८ ते ३५ टक्के लोक दर वर्षी पडतात. पण भीतीने चालणे कमी केले की पाय आणखी कमकुवत होतात आणि पडण्याचा धोका वाढतो. त्यामुळे मावशीला घरी ठेवण्यापेक्षा कमी गर्दीच्या वेळी नेणे हेच बरे.

भावाच्या ऑनलाइनच्या सूचनेत तथ्य आहे, फक्त ती सगळ्याच गोष्टींना लागू करण्यात चूक आहे. साबण, औषधे, बल्ब, चादरी, वजनदार डबे हे सगळे खुशाल घरपोच मागवा आणि शहरातल्या यादीतून काढून टाका. हाताने चाचपून, अंगाला लावून, पायात घालून घ्यायच्या वस्तू तेवढ्या शिल्लक ठेवा. शिवाय आईला वस्तूच हवी आहे, असे कशावरून? कापडाचा गठ्ठा उलगडला जाताना पाहणे, चार नग नाकारून पाचवा घेणे, किमतीवरून दोन शब्द बोलणे आणि स्वतःच्या पर्समधून पैसे काढून देणे, हे पडद्यावर होत नाही. रोख रक्कम तिच्याजवळच असू द्या. काउंटरवर तिला नोटा मोजायला वेळ लागला आणि मागची रांग चुळबुळू लागली, तरी तुमचा फोन पुढे करू नका. खरेदी झाल्यावर घरपोच पाठवण्याची सोय असेल, तर ती जरूर घ्या.

यादी करताना "तुला काय हवे?" असे विचारले तर "काही नको" हेच उत्तर येईल. त्याऐवजी "मागच्या वेळी सगळ्यात जास्त त्रास कशाचा झाला?" असे विचारा आणि ती बोलत असताना समजूत घालायला धावू नका. दोन दुकानांपैकी पहिले आईने निवडावे. दुसरे झाले तर झाले. परत फिरण्यासाठी एक साधा शब्द ठरवून ठेवा, तो दोघींपैकी कोणीही उच्चारला की कारण न विचारता घरी निघायचे, आणि वाहन बोलावण्याचे काम कोणाचे, हेही आधीच ठरलेले असावे. अकरा वाजता निघून साडेबाराला घरी आलात, तरी तो दिवस पार पडलाच. दुसऱ्या दिवशी मात्र पाहुणे, दवाखाना, बँक असले काही ठेवू नका.

राहता राहिल्या आईच्या चपला. पाय दिवसभरात थोडे सुजतात, म्हणून चपला-बूट दुपारनंतर घ्यावेत हा नियम बरोबर आहे, पण तोवर आई दमलेली असेल. तेव्हा ते दुकान दुसरे ठेवा, त्याच्या आधी निदान अर्धा तास कुठेतरी पाय जरा वर घेऊन बसू द्या, आणि दुकान असे निवडा जिथे विक्रेता खुर्चीपाशी येऊन चप्पल पायात घालून दाखवतो. दोन्ही पाय मोजून घ्या. ते बहुधा सारखे नसतात, माप मोठ्या पायाचे धरायचे. मागून पट्टा, न घसरणारा तळ आणि रुंद टाच असू द्या. पावती जपून ठेवा, आणि पहिले दोन दिवस ती जोडी घरातच, स्वच्छ फरशीवर वापरायला सांगा, म्हणजे बोचली तर बदलून घेता येईल. बदलायला मात्र भावाला पाठवा.